साताऱ्याच्या कोर्टात पहिल्यांदा जाताना: आधी जमिनीचा इतिहास, मग कोर्टाचं दार

मुंबई, ठाणे, नवी मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेल्या सातारकर घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतो. गावाकडे जमीन आहे, उताऱ्यावर आजोबांचं किंवा थोरल्या चुलत्यांचं नाव आहे, हिस्सा मागितला की बोलणं बंद होतं. मग कोणीतरी सांगतं, "साताऱ्याला जाऊन केस टाका." माणूस उताऱ्याची एक प्रत घेऊन निघतो आणि तिथं पोहोचल्यावर दिवाणी कोर्ट, तहसीलदार, प्रांत (उपविभागीय अधिकारी), भूमि अभिलेख अशा चार कचेऱ्यांमध्ये फिरत राहतो. चुकीच्या कचेरीत दाखल केलेलं प्रकरण पाच-सात वर्षांनी "आम्हाला अधिकार नाही" या एका ओळीवर परत येतं, तोवर घरातली म्हातारी माणसं गेलेली असतात. हे टाळता येतं, म्हणून हा लेख.

साताऱ्यात तुमचं प्रकरण कुठं चालणार, हे बऱ्याचदा जमीन कोणत्या राजवटीतून आणि कोणत्या हक्कानं तुमच्या घरात आली यावर ठरतं. म्हणून वकील गाठण्याआधी जमिनीचा इतिहास शोधावा लागतो.

पहिली पायरी: आपला तालुका आणि त्याचं कोर्ट

जिल्ह्यात ११ तालुके आहेत: सातारा, कराड, पाटण, वाई, जावळी, महाबळेश्वर, खंडाळा, कोरेगाव, खटाव, माण आणि फलटण. यातल्या तीन ठिकाणी नवखा माणूस हमखास फसतो. खटाव तालुक्याची कचेरी आणि कोर्ट खटाव गावात नाही, वडूजला आहे. माण तालुक्याचं ठिकाण दहिवडी, जावळीचं मेढा. खंडाळा म्हणजे लोणावळ्याजवळचा खंडाळा नव्हे. पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडचा. आणि जुन्या कागदात औंध दिसलं तर ते पुण्याचं औंध समजू नका, ते खटाव तालुक्यातलं.

जमिनीचा दावा जमीन जिथं आहे तिथल्या कोर्टात करावा लागतो. सगळे भाऊ घणसोलीत राहत असले आणि जमीन पाटण तालुक्यात असली, तरी दावा नवी मुंबईत लागत नाही.

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर बसतात. फौजदारी कामात तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात. दाव्याची किंमत कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली की तो वरिष्ठ स्तर न्यायाधीशांकडे जातो. सर्वांत वर जिल्हा व सत्र न्यायालय. ही रचना मुळात १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्यातली आहे. तेव्हाचे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे सबजज्ज म्हणजे आजचे वरिष्ठ आणि कनिष्ठ स्तर. जिल्हा न्यायालय सातारा शहरात सदर बझारला आहे, जिल्हाधिकारी कचेरीही त्याच परिसरात. कराड आणि वडूज इथंही सत्र न्यायालय बसतं, त्यामुळे पूर्व आणि दक्षिण भागातल्या लोकांना दर तारखेला साताऱ्यापर्यंत यावं लागत नाही. रेल्वेनं येत असाल तर वेळ धरून निघा. स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला आहे.

दुसरी पायरी: जमीन कुठून आली ते शोधा

या पायरीवर घाई करू नका. इथं घालवलेला एक महिना पुढची वर्षं वाचवतो.

साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये झाला आणि मराठी राज्याची राजधानी इथं आली. त्या काळापासूनच्या सनदा, वतनपत्रं आणि महजर आजही जिल्ह्यातल्या अनेक वाड्यांत कापडात बांधून ठेवलेले असतात. महजर म्हणजे गोतसभेपुढं झालेल्या निवाड्याचा कागद. वाद गावात सुटला नाही तर परगण्याचे देशमुख, देशपांडे, आसपासचे पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार एकत्र बसत, दोन्ही बाजूंचं ऐकत आणि निवाडा लिहून खाली साक्षी घालत. लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. पुरावा पुरला नाही तर दिव्य करावं लागे. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा आणि हाताला इजा झाली का ते पाहायचं. हा प्रकार क्रूर होता, यात शंका नाही. पण उघड्यावर, सगळ्या गोतासमोर बसून पाटलाला आणि कुणब्याला एकाच कागदावर साक्ष घालायला लावणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे याच परंपरेत वाढले. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाचा दोष त्यांनी खुद्द राघोबादादांवर ठेवला, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून निघून गेले. जिल्ह्यातल्या कोणत्याही कोर्टाच्या आवारात हे नाव आजही आदरानं घेतलं जातं.

तुमच्या घरात असा मोडी कागद असेल तर तो जपा, पण त्याच्या जोरावर थेट दावा लावायला जाऊ नका. आधी मोडी जाणणाऱ्या माणसाकडून त्याचं देवनागरी लिप्यंतर करून घ्या. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका, वकिलांच्याही नाही. कोर्टात हजर करायची वेळ आली की स्वतः घेऊन जा. वतनाच्या वादात नकाशा आणि वंशावळ यांच्या जोडीला हा कागद उपयोगी पडतो. नुसता महजर आजचा मालकीहक्क ठरवत नाही, कारण मधे दोनशे वर्षांत कायदा अनेकदा बदलला.

ते बदल थोडक्यात असे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पण सातारा लगेच इंग्रजांचं झालं नाही. प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं गेलं, १८१९ मध्ये तह झाला आणि ग्रँट डफ रेसिडेंट म्हणून राहिला. १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १४ वर्षं त्यांनी कंपनीच्या भागधारकांच्या सभांत आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढं आपल्या धन्याचा खटला लढवला. पैसे संपले, १८४७ मध्ये महाराज काशीत वारले, १८४८ मध्ये राज्य खालसा झालं, तरी ते मागे हटले नाहीत. परत आल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत त्यांचं नाव आलं. त्या वर्षी ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला गेला, त्यांत त्यांचा मुलगा सीतारामही होता. रंगो बापूजी कुठं गेले ते कोणालाच कळलं नाही. जिल्ह्यातल्या वकिलीचा इतिहास सांगायचा तर या माणसापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

जमिनीच्या दृष्टीनं यातून एवढं लक्षात ठेवा. १८४८ पर्यंतचे दरबारी कागद छत्रपतींच्या दफ्तरातले आहेत आणि त्यातले बरेचसे आज पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे लोक ज्याला पेशवे दफ्तर म्हणतात तिथं मिळतात. त्यानंतर इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं नाही याची छाननी केली. तुमच्या घरात "आमचं इनाम होतं" अशी गोष्ट सांगितली जात असेल तर त्या छाननीत काय ठरलं ते पाहायला हवं.

फलटण आणि औंधची गोष्ट वेगळी. फलटण निंबाळकरांचं संस्थान होतं, औंध पंतप्रतिनिधींचं. ही संस्थानं १९४८ च्या मार्चमध्ये विलीन झाली, म्हणजे तोवर तिथं संस्थानचे हुकूम आणि संस्थानची कोर्टं होती. औंधचा मुलूख सलग नव्हता: कोरेगाव तालुक्यातली किन्हई औंधची, आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडीही औंधचीच. शेजारच्या दोन गावांचे १९४० चे कागद अगदी वेगळ्या नमुन्यात दिसले तर गोंधळू नका. औंधनं तर १९३९ मध्ये स्वतःची घटना करून गावपंचायतींकडे कारभार सोपवला होता. एवढ्या छोट्या संस्थानानं त्या काळात हे करावं, याचं अप्रूप मला अजून वाटतं.

आणखी एक खूण. जुन्या दस्तावर "उत्तर सातारा" असा शिक्का दिसला तर घाबरू नका. १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० मध्ये उत्तरेचं नाव पुन्हा सातारा झालं आणि दक्षिणेचं सांगली. वाळवा, शिराळा, तासगावकडच्या लोकांना १९४९ पूर्वीच्या कागदांसाठी साताऱ्यात शोध घ्यावा लागतो तो यामुळे.

"पत्रीसरकारच्या वेळी वाटणी झाली," हे वाक्यही तुम्हाला गावात ऐकू येईल. १९४२ च्या सप्टेंबरात वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं गेली, आणि पुढच्या वर्षापासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं, म्हणजेच लोकांच्या पत्रीसरकारनं, गावोगाव न्यायदान मंडळं बसवली. सावकारी, जमीन, नांदवणं-सोडणं असे वाद लोकांनी इंग्रजी कोर्टात नेण्याऐवजी तिथं नेले आणि निवाडे मानलेही. पण आजच्या कोर्टात अशी वाटणी सिद्ध करायची तर त्यानंतर प्रत्येक घर वेगवेगळं कसत आलं, फेरफार (महसुली दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदी) पडले, शेतसारा वेगळा भरला, असं दाखवावं लागेल. आजोबांचा शब्द तुमच्यासाठी खरा असला तरी कोर्ट पीकपाणी आणि फेरफार बघतं.

आता प्रत्यक्ष कागद. तलाठ्याकडून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून चालू सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) घ्या. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक लिहिलेले असतात. त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागा. मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि त्याच्या आधीचं कडईपत्रक काढा. गटवारी (तुकडे एकत्र करून गट पाडणं) होण्यापूर्वीचे सर्व्हे नंबर आणि आजचे गट नंबर यांचा मेळ भूमि अभिलेख कचेरीतून घाला. नाही तर दाव्यात एक जमीन आणि पुराव्यात दुसरी, असं होतं. हे सगळं तारखेच्या क्रमानं एका फायलीत लावा. अशी फाईल घेऊन आलेल्या पक्षकाराचं म्हणणं वकील पहिल्या भेटीतच नीट समजून घेऊ शकतात.

तिसरी पायरी: कोणत्या दारात जायचं

फाईल उघडा आणि सातबाऱ्याचा "इतर हक्क" रकाना आणि भोगवटादाराचा वर्ग पाहा.

कुळाचं नाव किंवा कुळकायद्याच्या ३२ग, ३२म कलमांचा उल्लेख असेल तर प्रश्न १९४८ च्या कुळकायद्याचा आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळं कायद्यानं मालक मानली गेली. अमुक माणूस कूळ होता की नव्हता, हे ठरवायचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही. तो शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसणाऱ्या तहसीलदारांना आहे. दिवाणी दाव्यात हा मुद्दा निघाला तर कोर्ट तो तिकडं पाठवतं आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबतो. आधीच माहीत असेल तर आधीच तिकडं जा.

"भोगवटादार वर्ग २" किंवा "नवीन शर्त" दिसली तर जमीन बहुधा वतनाची, पुनर्वसनाची किंवा सरकारनं दिलेली आहे. महारवतनाच्या जमिनींवर "इनाम वर्ग ६ ब" असं लिहिलेलं असतं. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली आणि जमिनी पुन्हा वतनदारांना दिल्या गेल्या, पण परवानगीशिवाय विकायची बंदी राहिली. अशा कितीतरी जमिनी कवडीमोलानं, साध्या कागदावर दुसऱ्यांच्या घशात गेल्या आहेत. तुमच्या घराची अशी जमीन गेली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर दाद मागता येते. वेळ गेली असं सांगून कोणी गप्प बसवू पाहत असेल तर आधी जाणकाराकडून तपासून घ्या. देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग ३, पुजाऱ्याच्या वहिवाटीत असलं तरी त्याच्या मालकीचं नसतं.

पाटण, जावळीच्या कोयना धरणग्रस्तांनी मूळ गावाच्या कागदांबरोबर पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीचा वाटप आदेश शोधावा. त्यांची घरं सांगली, सोलापूर, रायगडपर्यंत विखुरली, त्यामुळे जमीन एका जिल्ह्यात आणि आदेश दुसऱ्या जिल्ह्यात असं होतं. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी इथल्या लोकांनाही हेच लागू.

शेताचा वापरातला रस्ता किंवा पाण्याचा पाट कोणी अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांपुढं अर्ज करता येतो. मात्र अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. गावात समजुतीनं मिटेल म्हणून लोक वर्ष घालवतात आणि हा सोपा मार्ग बंद होतो. समजूत चालू ठेवा, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत देऊन ठेवा.

चुकीचा फेरफार पडला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत ६० दिवस आहे. पण फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, तिनं मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. मालकी कोणाची, वाटणी किती, खरेदीखत खरं की खोटं, मृत्युपत्र टिकतं का, हे प्रश्न दिवाणी कोर्टाचेच. प्रांतांच्या एका आदेशावर हाय खाऊन हिस्सा सोडून देणारे लोक पाहिले की वाईट वाटतं, कारण त्यांचा हक्क जिवंत असतो.

बहिणींसाठी आणि लेकींसाठी

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," ही म्हण आपल्याकडे सर्वांत जास्त बहिणींना ऐकवली जाते. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. त्या दिवशी वडील जिवंत असायलाच हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. "तोंडी वाटणी आधीच झाली होती" असा बचाव भाऊ घेतील. तो सरकारी कागदांनी भक्कमपणे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांची.

हक्कसोडपत्रावर लग्नाच्या, बाराव्याच्या किंवा राखीच्या दिवशी सही करू नका. घरी घेऊन जा, वाचा, दुसऱ्या दिवशी ठरवा. द्यायचं असेल तर मनापासून द्या, पण काय देतो आहोत हे कळून द्या. मिळकतीच्या वादांत स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेनं कोर्ट फी माफ आहे. दावा लावताना वकिलांना याची आठवण करा.

चौथी पायरी: वकील

तालुक्याच्या कोर्टात रोज उभे राहणारे वकील निवडा. मुंबईचे वकील आणले तर प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च तुमच्या माथी बसतो. फी टप्प्यांत ठरवा आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. वकीलपत्रावर सही करताना कोऱ्या कागदांवर सह्या करू नका, कितीही घाई असली तरी.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी होते. हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, मागताना संकोच करू नका.

पाचवी पायरी: दावा लागल्यावर

वाटपाच्या दाव्यात एकही हिस्सेदार आणि एकही गट सोडू नका. परदेशी गेलेला चुलतभाऊ, बोलणं नसलेली आत्या, पडीक म्हणून कोणी विचारत नाही तो डोंगराकडचा तुकडा, सगळं दाव्यात यायला हवं. अर्धवट वाटपाचा दावा त्याच कारणावर फेटाळला जाऊ शकतो. वंशावळ मूळ पुरुषापासून लिहा. मृतांच्या तारखा आणि दाखले जोडा.

दावा चालू असताना समोरच्यानं जमीन विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज देतात. तो बहुधा निशाणी ५ वर असतो, म्हणून कोर्टात सगळे त्याला "नि. ५" म्हणतात. त्याच्या जोडीला दुय्यम निबंधकांकडे लिस पेन्डन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवा, म्हणजे जमीन घेणाऱ्याला दाव्याची माहिती नव्हती असं म्हणता येणार नाही. हे दुसरं काम लोक विसरतात. आपल्याविरुद्ध कोणी मनाई आणेल अशी शंका असेल तर आधीच कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करता येतं, ते ९० दिवस चालतं.

प्रतिवादीला बेलिफ आणि टपालानं समन्स जातं. तुम्हीच प्रतिवादी असाल आणि समन्स आलं तर ते घ्या. न घेतल्यानं दावा थांबत नाही, एकतर्फा चालतो. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची, कोर्टाच्या परवानगीनं ९० दिवसांपर्यंत. मग कोर्ट मुद्दे काढतं, वादीचा पुरावा होतो, उलटतपास होतो, मग प्रतिवादीचा, शेवटी युक्तिवाद आणि निकाल. उलटतपासात माहीत नसलेल्या गोष्टीला "माहीत नाही" म्हणा. विचारलं तेवढंच सांगा, आणि समोरच्या वकिलांवर चिडू नका.

तारखेच्या दिवशी साडेदहापर्यंत पोहोचा. कोर्टाच्या दाराबाहेर त्या दिवसाचा बोर्ड लावलेला असतो. त्यात आपल्या दाव्याचा रे.मु. (रेग्युलर मुकदमा) नंबर शोधा आणि तो कितवा आहे ते पाहा. शिपाई नावाचा पुकारा करतो तेव्हा आत जाऊन उभे राहा. मोबाईल बंद ठेवा. पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे, दोन्ही लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात, त्यामुळे मुंबईहून उगाच एसटीचा फेरा पडत नाही. तालुका आणि जिल्हा कोर्टाचं काम मराठीत चालतं. काही कळलं नाही तर वकिलांना तिथंच विचारा.

तडजोडीची थोडी जरी शक्यता असेल तर लोकअदालतीत प्रकरण ठेवायला सांगा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. भावाभावांच्या वादांत मला हा मार्ग सगळ्यांत चांगला वाटतो, कारण बांध एकच असतो आणि निकालानंतरही दोघांना त्याच बांधावर उभं राहायचं असतं.

मारामारी झाली तर

जमिनीच्या वादात बांधावर हात उचलला गेला की प्रकरण फौजदारी होतं. पोलीस ठाण्यात फिर्याद द्या, प्रत मोफत मागा, जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करा. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे कलमांचे जुने नंबर आता चालत नाहीत. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना ३ वर्षांपर्यंतची कैद देता येते, गंभीर गुन्हे सत्र न्यायालयात जातात. खोटी फिर्याद देऊन जमीन सुटत नाही, उलट दिवाणी दाव्यातली तुमची साक्ष कमजोर होते.

सहावी पायरी: अपील आणि कोल्हापूर

तालुक्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचं. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळतात, म्हणून निकालाच्या दिवशीच नक्कल अर्ज द्या. त्यापुढं उच्च न्यायालय, पण दुसऱ्या अपिलात फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकला जातो. साक्षीपुरावा पुन्हा तपासून मिळत नाही.

पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशकं आंदोलन केलं आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. कराडच्या शेतकऱ्याला आता सकाळी निघून कोर्टाचं काम करून संध्याकाळी घरी परतता येतं. तुमचं प्रकरण आधीपासून मुंबईत असेल तर ते कोल्हापूरला वर्ग झालं का, हे वकिलांकडून आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे तपासा. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कागदांची भाषांतरं वेळेत तयार ठेवा.

सातवी पायरी: निकालानंतरचं काम

वाटपाचा दावा जिंकला की लोक पेढे वाटतात आणि घरी बसतात. हुकूमनाम्यानं फक्त हिस्सा ठरतो. जमीन आपोआप ताब्यात येत नाही. त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलं जातं. तिथून तहसीलदार, तिथून भूमि अभिलेखकडून मोजणी, मग वाटप तक्ता, मग हरकती, आणि त्यानंतर ताबा. प्रत्येक टप्प्यावर कागद पुढं सरकला का ते स्वतः जाऊन विचारा. मोजणीच्या दिवशी सगळ्या हिस्सेदारांनी शेतावर हजर राहावं. हद्दीच्या खुणा दिसताच त्या दगडानं पक्क्या करा, मोजणी नकाशाची प्रत मागून घ्या, आणि ताबा पावतीवर पंचांच्या सह्या असल्याची खात्री करा. मग तलाठ्याकडे हुकूमनाम्याची आणि वाटपाची प्रत देऊन फेरफार धरायला लावा. नोटिशीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला, की नव्या सातबाऱ्याची नक्कल काढून त्यातला गट नंबर, क्षेत्र आणि नावाचं प्रत्येक अक्षर हुकूमनाम्याशी ताडून पाहा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.